न मारलेला हत्ती

आंबिया बहाराचा तोडा सुरू झाला की पांढुर्ण्याच्या रस्त्यांवर संत्र्यांचे ट्रक उभे राहतात आणि माझं डोकं फिरतं. सत्त्याऐंशीव्या वर्षी डोकं फिरायला फारसं निमित्त लागत नाही, असं घरातले म्हणतात. म्हणोत बापडे. संत्रं सोलताना सालीतून जो बारीक फवारा उडतो तो डोळ्यांत गेला की झोंबतो, आणि नोव्हेंबरात मी तो खुशाल जाऊ देते. डोळ्यांत पाणी आलं तर कुणी कारण विचारत नाही.

यंदा आणखी एक झालं. आमचं पांढुर्णा जिल्हा झालं. फटाके उडाले, पेढे वाटले, सौंसर आमच्या जिल्ह्यात आलं. पुतण्या म्हणाला, "काकू, आता कागदासाठी छिंदवाड्याले जायचं काम नाही." बरं झालं. पण माझ्या हयातीत आमच्या भोवतीची रेघ याआधीही एकदा हलली होती. तेव्हा मी वीस वर्षांची होते, सौंसरच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होते आणि त्याच दिवसांत मी बुद्धिबळाचा एक डाव हरले. तिथले जे चार म्हातारे अजून उरलेत ते म्हणतात, बाईनं हातचा डाव घालवला. घालवला हे खरं आहे. पण कसा घालवला हे सांगायचा हक्क माझा आहे, त्या चौघांचा नाही.

परवा पुतण्याची नात मोबाइलवर खेळत बसली होती. समोर माणूस नाही, पट नाही, मोहऱ्यांचा आवाज नाही. मला म्हणाली, "आजी, तू पहिली चाल कोणती करायचीस?" मी सांगितलं, वजिराकडच्या घोड्यापुढचं प्यादं, फक्त एक घर. तिनं बोटानं ते सरकवलं आणि ओरडली, "आजी, याले तं साहेबी नाव आहे! मोठमोठे लोक खेळतात हे!" मी म्हटलं, खेळत असतील. आम्ही खेळलो तेव्हा सौंसरात अख्खा वर्ग हसला होता.

छप्पन सालची ती दिवाळी. मला आणि आत्याला सौंसरात एका बागाइतदाराच्या घरामागं दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या होत्या. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. विधवा. मला सौंसरची नोकरी लागली तेव्हा आमच्या घरात मोठी सभा भरली होती, तरणी पोर परगावी एकटी कशी राहील म्हणून. आत्या माजघरातून बाहेर आली, म्हणाली, "एकटी काहून राहते? मी मेली का?" आणि ट्रंक घेऊन माझ्याबरोबर बसमध्ये बसली. त्या ट्रंकेत दोन लुगडी, एक तांब्या आणि लाखेच्या रंगाचे लाल-हिरवे मोहरे होते. सभा तिथंच संपली.

सुटीच्या दिवशी आम्ही दोघी मागच्या मांडवात संत्री निवडायला बसायचो. मोठी एकीकडे, मधली एकीकडे, डागी तिसरीकडे. पेटीत तणस अंथरायचं, त्यावर थर लावायचा. मजुरी अशी नव्हती, शेजारधर्म होता, आणि डागी संत्री घरी न्यायची मुभा होती. चार पेट्या भरल्या की आत्या पदराला हात पुसायची आणि उलट्या पेटीवर पट मांडायची. सगळ्या मोहऱ्यांना संत्र्याचा वास लागलेला. समोरच्या रस्त्यानं कापसाच्या बंड्या सरकी काढायच्या जिनाकडे जात असायच्या, बैलांच्या घुंगरांचा आवाज यायचा, आणि गाडीवान मान वळवून बघायचे की या दोन बायका पेटीवर वाकून काय करून राहिल्या. आत्या मान वर न करता म्हणायची, "पाहू दे. पाहाले पैसे पडत नाही."

आत्याला हा खेळ तिच्या सासऱ्यानं शिकवला होता, ती विधवा झाल्यावर. पोरीच्या जिवाला काहीतरी विरंगुळा, म्हणून. ती खेळायची ती देशी पद्धत. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं. दोन घरं उडी मारायची सोय नाही. त्यामुळे घाई नाही. आत्या बाजूचं प्यादं एक घर सरकवायची आणि त्याच्या मागं उंट आणून बसवायची. तिथून त्याला तिरपी नजर थेट समोरच्या कोपऱ्यापर्यंत मिळते. मग सगळा डाव तो तिथंच. मधे मारामारी होते, घोडे जातात, प्यादी पडतात, हा आपला जागचा हलत नाही. मी विचारायची, "आत्या, याले काही काम दे न." ती म्हणायची, "पाहून राहिला न तो? पाहनं काम नाही का?"

आणि तिच्या घरचा एक नियम होता, तो इथं सांगायलाच हवा. समोरच्याच्या राजाजवळ एक तरी मोठा मोहरा राहू द्यायचा. शेवटचा मोठा मोहरा मारला आणि राजा उघडा पडला, मग प्यादी उरली असली तरी, की त्याला बुर्जी म्हणत. बुर्जी झाली की डाव अर्धा. जिंकणाऱ्याची जीत कुणी मोजायचं नाही. मात द्यायची ती त्याच्याजवळ काहीतरी असताना, आणि शक्यतो प्याद्यानं. वजिरानं मात कुणीही देतं. प्याद्यानं दिलेल्या मातेला मान. आठ वर्षं मी तिच्याशी अशी खेळले. शेवटचा मोहरा समोर आयता आला तर मी तो सोडायची, बाजूनं वाट काढायची. ते माझ्या डोक्यात नव्हतं राहिलं, हातात उतरलं होतं. पोळी लाटताना हात कुठं विचारतो?

त्या दिवाळीत गावात बोलणं एकच. राज्यं नव्यानं बांधली. आमच्या राज्याचं नाव होतं तेच राहिलं, मध्य प्रदेश. पण नागपूर त्यातून निघून गेलं. नाव राहिलं आणि घर गेलं. काल नागपूर आमची राजधानी होती, आज ती भोपाळ. भोपाळ पाहिलेला माणूस सौंसरात शोधून सापडला नसता. आमच्या पोरी कॉलेजला नागपूरला, आमचे सोयरे नागपूरला, आमची संत्री नागपूरला. बसस्टँडवर लोक तावातावानं बोलायचे, मोर्च्यांच्या गोष्टी करायचे. आत्या एवढंच म्हणाली, "स्वातंत्र्य आलं तवा कोनी इचारलं नाही, पण गोड लागलं. हे बी कोनी इचारलं नाही, पण हे कडू लागते." मला राग येत होता, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. वीस वर्षांच्या माणसाला असा राग फार दिवस खिशात ठेवता येत नाही.

त्यात बुद्धिबळाच्या टुर्नामेंटचा कागद लागला. गावातल्या क्लबातर्फे, दिवाळीच्या सुटीत, मुलांच्या शाळेच्या मोठ्या वर्गात. कागद पहिल्यांदाच हिंदीत, आणि खेळ पहिल्यांदाच नव्या नियमांनी. प्यादं सुरुवातीला दोन घरं जाणार, राजा हत्तीच्या आड लपणार, बुर्जी वगैरे काही नाही. मी तो कागद दोनदा वाचला. नियमांत बायकांनी खेळू नये असं कुठंच लिहिलं नव्हतं. बहुतेक लिहिणाऱ्याला ती शंकाच आली नसावी.

क्लबाचे सेक्रेटरी होते नारायणराव अर्जनवीस. तहसिलीच्या ओट्यावर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहायचे. मराठी अक्षर असं की साहेबसुद्धा कौतुकानं वाचायचा. नवीन राज्यात अर्ज हिंदीत लागणार म्हणून त्या दिवसांत ते शाळेतल्या मुलांचं हिंदीचं पुस्तक घेऊन बसलेले असायचे, पंचावन्नाव्या वर्षी. हे मला तेव्हा दिसत होतं, पण त्याची कीव आली नाही. आता येते. मी नाव द्यायला गेले तेव्हा ते चष्म्यावरून बघत राहिले.

"बाई, हे पोरीबाळीयचं सागरगोटे खेळनं नाही. छिंदवाड्याहून, जबलपूरहून मानसं येऊन राहिले."

"मले सागरगोटेही येतात, नारायणराव. तुम्ही नाव लिहा."

"लोक काय म्हनतीन?"

"मी पांढुर्ण्याची आहे. आमच्या गावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लोक नदीच्या दोन्ही काठांहून गोटे मारतात. बोलण्याचं काय घेऊन बसले?"

भोवतीचे चार लोक हसले आणि तिथंच घोटाळा झाला. माणूस एकटा असला तर मानतो. चारचौघांत हसं झालं की अडून बसतो. नारायणरावांनी कोरा कागद ओढला आणि त्या सुरेख अक्षरात शर्त लिहिली. बाई पहिल्या फेरीत हरल्या तर यापुढे क्लबाच्या कोणत्याही सामन्यात त्यांचं नाव घेतलं जाणार नाही. खाली सही करा म्हणाले. बाकी कुणाला अशी शर्त होती का? नव्हती. मी सही केली. घरी येऊन आत्याला सांगितलं तर ती संत्रं सोलता सोलता थांबली. "सारी उमर खेळू शकली असती तू," ती म्हणाली. "एका डावावर कायले टांगली?" मी म्हटलं, टांगलं नाही, त्यांनी टांगायला लावलं. तिनं अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं.

मला खेळायचं होतं, एवढंच होतं सगळं. आज लोक विचारतात, कशासाठी, बक्षीस काय होतं? बक्षीस एक कप होता, तो मी नीट पाहिलाही नाही. मला एकदा अशा माणसापुढे बसायचं होतं ज्याला मी कुणाची मुलगी, कुणाची भाची हे माहीत नाही, आणि त्याला माझी चाल पाहून विचार करावा लागेल. आणि ते दर वर्षी करायचं होतं, मरेपर्यंत. ते एका सहीवर अडकलं होतं.

चिठ्ठ्या निघाल्या. माझ्यासमोर आले दुबेजी, बांधकाम खात्यातले ओव्हरसियर, छिंदवाड्याचे, आदल्या वर्षी कुठलीशी टुर्नामेंट जिंकलेले. उंच, गोरे, पान खाणारे. मी बसले तर पहिलं संकट मोहऱ्यांचं. आमचे लाल-हिरवे गोलमटोल मोहरे कुठं आणि ते काळे-पांढरे विलायती घाटाचे कुठं. राजा कोणता आणि वजीर कोणता ते मला पटकन कळेना. मी विचारलं. मागं कुणीतरी खसखसलं. दुबेजींनी मात्र दोन्ही उचलून दाखवले, "ये राजा, ये वज़ीर, बहनजी," आणि परत जागेवर ठेवले. वर्गाच्या दाराशी आत्या उभी होती, डोक्यावर पदर घेऊन. तिला कुणी बस म्हटलं नाही, आणि ती कुणी म्हणायची वाट पाहत नव्हती.

पांढरे मोहरे माझे. मी वजिराकडच्या घोड्यापुढचं प्यादं उचललं आणि एक घर पुढं ठेवलं.

वर्ग हसला. कुणी म्हणालं, "बाई, मधात या मधात! कडेकडेनं काहून?" दुबेजींनी मधलं प्यादं दोन घरं धाडकन पुढं टाकलं. पुढच्या चालीला त्याच्या शेजारचं. पटाचा सगळा मध्य त्यांचा झाला. "बीच में आइए, बहनजी," ते हसून म्हणाले, "किनारे क्या रखा है?" माझा उंट त्या प्याद्यामागं आणून बसवला. खरं सांगू? त्या क्षणी माझे कान तापले होते. ज्या दिवसांत आम्हाला कुठल्या तरी टेबलावर बसून कुणीतरी नकाशाच्या कडेला सरकवलं होतं, त्याच दिवसांत भर वर्गात मला कुणी सांगत होतं की कडेला काय ठेवलंय. मी मनात म्हटलं, थांबा. कडेवरून काय दिसतं ते कडेवर राहणाऱ्याला विचारा.

दुपारभर खेळलो. बाहेर उन्हं उतरत होती, खिडकीतून जिनाचा घरघराट यायचा आणि कापसाचा बारीक तूस हवेत दिसायचा. मी मधे गेले नाही. त्यांच्या मधल्या प्याद्यांना बाजूनं टोचत राहिले. एकाला आधार देताना दुसरं उघडं पडायचं. पहिलं पडलं तेव्हा हसणं थांबलं. दुसरं पडलं तेव्हा मागचे लोक टाचा उंचावून पुढं सरकले. वजिरानं वजीर गेला, घोड्यानं घोडा गेला, माझे दोन्ही हत्ती गेले आणि त्यांचा एक. दुबेजींचं पान तोंडात तसंच राहिलं, चघळायचं ते विसरले. मला एवढा आनंद आयुष्यात फार कमी वेळा झाला आहे. मी पुढच्या वर्षीचा विचार करायला लागले होते, आणि त्याच्या पुढच्याही.

मग दुबेजी चुकले. त्यांनी त्यांचा उरलेला हत्ती माझ्या पुढं गेलेल्या प्याद्यासाठी शेवटची ओळ राखायला कोपऱ्यात नेला. समोरच्या, अगदी टोकाच्या कोपऱ्यात. माझा उंट पहिल्या पाच चालींपासून जिथं बसला होता तिथून तो कोपरा सरळ दिसत होता आणि मधली सगळी घरं मोकळी होती. दुपारभर तो ज्या घरावर नजर लावून होता तिथं हत्ती आपल्या पायानं येऊन उभा राहिला. मारायचा, बस. त्यांच्याजवळ राजा आणि दोन प्यादी उरली असती. डाव माझा.

माझा हात उचलला गेला आणि अर्ध्यावर थांबला.

तो त्यांचा शेवटचा मोठा मोहरा होता.

मला नियम माहीत होता. कागद मी दोनदा वाचला होता. बुर्जी नाही, अर्धा डाव नाही. पण हाताला कागद वाचता येत नाही. हात मागं आला, बाजूला गेला आणि मी प्यादं सरकवलं, दोन चालींनी प्याद्याची मात बसावी म्हणून. सुंदर मात होती. आत्याला आवडली असती. दाराशी उभ्या आत्याच्या तोंडून "अगं" एवढंच बाहेर पडलं, आणि तिनं पदर तोंडाशी धरला.

दुबेजींनी माझ्याकडे पाहिलं, मग उंटाकडे, मग हत्तीकडे. त्यांना वाटलं यात काही डाव आहे, म्हणून त्यांनी खूप वेळ घेतला. नसल्याचं दिसलं तेव्हा हत्ती कोपऱ्यातून सरळ खाली आणला, शह. माझा राजा आणि माझा उंट एकाच ओळीत होते. राजा हलवावाच लागला, आणि उंटाला वाचवता येईल असं घर त्याला नव्हतं. उंट गेला. नंतर मी वीसेक चाली लढले, पण ते नुसतं लढणं होतं. शेवटी मी राजा आडवा केला. आमच्या खेळात राजा आडवा करत नाहीत. ते मी तिथं शेजारच्या पटावर पाहून शिकले होते.

दुबेजी उठले नाहीत. हळूच म्हणाले, "बहनजी, आपने हाथी क्यों नहीं मारा?"

मी म्हटलं, "आमच्यात राजाले एकटं करत नाही."

त्यांना मराठी येत होतं की नाही ठाऊक नाही. त्यांनी मान डोलावली आणि बराच वेळ पटाकडे पाहत बसले. मग उठून हात जोडले. मागं मात्र एव्हाना तोंडं सुटली होती. बाईचं काळीज, हत्ती मारायची हिंमत झाली नाही, हातचा डाव घालवला. नारायणरावांनी वही उघडली आणि माझ्या नावावर रेघ मारली. टाक कागदावर करकरला तो आवाज मला ऐकू आला.

घरी आल्यावर मी रडले. चांगली हमसून रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आत्या बाजूला बसून होती. मी म्हटलं, "तूच तं शिकवलं होतं." बोलून गेले आणि जीभ चावली. तिनं तांब्यातलं पाणी माझ्यापुढं केलं. मग म्हणाली, "माया घरातलं माया घरात शिकवलं वं, मालू. दुसऱ्याच्या पंगतीत बसलं का त्याच्या पद्धतीनं जेवा लागते, हे सांगाले मीच भुलली." एवढ्या वर्षांत तिनं कुणाची माफी मागितलेली मी पाहिली नव्हती. ती माफीच होती. मला ती नको होती. मी म्हटलं, "मले पस्तावा नाही." ती म्हणाली, "तुले नसन. मले आहे."

आणि इथं मला त्या चार म्हाताऱ्यांना काही सांगायचं आहे. मला पस्तावा त्या दिवशी नव्हता, आजही नाही. डाव गेल्याचं दुःख झालं, खेळ सुटल्याचं तर फारच झालं. मी त्यानंतर कुठल्याच टुर्नामेंटात बसले नाही. शर्त सौंसरच्या क्लबापुरती होती, नागपुरात बसता आलं असतं, पण बसले नाही. शब्द दिला तो दिला. पण हत्ती मारला नाही याची लाज वाटावी असं मला कधी वाटलं नाही. त्या सालात सगळीकडे ज्याच्या हातात होतं तो समोरच्याचं उरलंसुरलं उचलून नेत होता, कागद दाखवून, नियमाप्रमाणे. नियम होताच ना तसा. माझ्याही हातात एका दुपारी ते आलं होतं आणि माझा हात मागं आला. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तर हा माझा पीळ. कुणाला मूर्खपणा वाटत असेल तर वाटो. मूर्खपणाही स्वतःचा असला की माणूस ताठ चालतो.

मात्र ताठ चालणं आणि बसून राहणं यात फरक आहे. दिवाळीची सुटी संपली, शाळा उघडली. चौथीच्या वर्गाच्या फरशीवर मी खडूनं चौसष्ट घरं आखली. मोहरे मातीचे. पोरींनीच केले, आणि घोडे इतके वाईट जमले की सहा महिने आम्ही त्यांना बकऱ्याच म्हणत होतो. शाळा सुटल्यावर तासभर. आधी तीन पोरी, मग पाच. एका पोरीचा बाप, कापसाचा दलाल, दारात येऊन म्हणाला, "बाई, हे शिकून पोरगी काय करनार?" मी म्हटलं, "तुम्हाले हरवणार." तो हसला आणि पोर राहिली. आठ दिवसांनी खरंच हरवलं तिनं त्याला, तेव्हा तो गावभर सांगत सुटला. पोरी वाढल्या त्या माझ्यामुळे नाही, त्या बापामुळे.

आत्याही यायची, खुर्चीवर न बसता फरशीवर बसायची. तिनं पोरींना बाजूचं प्यादं शिकवलं, उंट कुठं लपवायचा ते शिकवलं. आणि एके दिवशी मी वर्गाच्या दारातून पाहिलं. एका पोरीपुढं समोरचीचा शेवटचा हत्ती उघडा उभा होता. पोर थांबली, माझ्याकडूनच तिनं तो बुर्जीचा जुना नियम ऐकला असणार. आत्या तिच्या कानाशी वाकली. "घे," म्हणाली. "घे वं पोट्टे. पाप लागलं तं मले लागन." पोरीनं हत्ती उचलला. साठीची बाई होती माझी आत्या. आयुष्यभराचा नियम तिनं त्या पोरींसाठी मोडला. मी दारातून परत फिरले. मला तिथं असायला नको होतं.

पुढची दिवाळी आली. पुन्हा तोच कागद, तीच शाळा. सौंसर अजून भोपाळच्याच राज्यात होतं आणि लोकांना त्याची सवय होऊ लागली होती, याचा मला जास्त राग यायचा. नारायणराव आता हिंदीत बरे अर्ज लिहू लागले होते. मी त्यांच्या टेबलापुढे गेले तेव्हा माझ्यामागं रांग होती. दोन वेण्या, लाल रिबिनी, कुणाच्या पायात चपला, कुणाच्या नाही. अकरा पोरी. तहसिलीच्या ओट्यावरची माणसं उठून पाहू लागली.

नारायणरावांनी चष्मा काढला. "हे काय, बाई? शर्त आठवते न?"

"आठवते. म्हणूनच माझं नाव नाही आणलं. ह्यांचे आणले. ह्यांच्यावर कुठं शर्त आहे?"

त्यांनी चष्मा परत चढवला. वही उघडली, टाक बुडवला. एकेक पोर पुढं यायची, नाव सांगायची, बापाचं नाव सांगायची, आणि ते लिहायचे. मराठीत लिहीत होते. ते त्यांच्या लक्षात आलं होतं की नाही, देव जाणे. अकरावं नाव झाल्यावर त्यांनी टाक तसाच धरून ठेवला आणि मान खाली घालूनच, हळू आवाजात म्हणाले,

"बाई, तुमचंही टाकतो. माया हातानं मारलेली रेघ आहे, मीच खोडतो. कोन पाहून राहिलं?"

त्या क्षणी हो म्हटलं असतं तर मी सारी उमर खेळले असते. त्या दिवशी आत्या सोबत नव्हती, कुणीच मला अडवत नव्हतं. मला हो म्हणायचं होतं, हे आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

"नको, नारायणराव," मी म्हटलं. "मी हारली आहे. ह्या अजून हारल्या नाहीत."